मावशीच्या समुद्रातल्या दोन उसळ्या

माझ्या मावशीला साठ कोटी वर्षांपूर्वी काय घडलं ते विचारा, घडाघडा सांगेल. आज सकाळी चष्मा कुठे ठेवला ते मात्र विचारू नका. मी चष्म्याच्या दुकानात नोकरी करते आणि राहते तिच्याच घरी. आजवर तिला इतके चष्मे करून दिलेत, की आमच्या मालकांना वाटतं, मला एक नाही, चांगल्या सात-आठ मावश्या असाव्यात.

तिचं काम म्हणजे जुन्या समुद्राचा चिखल. विद्यापीठाच्या मागच्या इमारतीच्या तळघरात तिची प्रयोगशाळा आहे. मुलं पाठीमागे तिला ‘चिखलबाई’ म्हणतात, आणि हे तिला माहीत आहे हे मुलांना माहीत नाही. आता तो चिखल काही चिखल राहिलेला नाही, दबून दबून काळा दगड झालाय. जमिनीत खोल भोक पाडून त्या दगडाच्या लांब कांड्या वर काढतात आणि लाकडी खोक्यांत ओळीने ठेवतात. खालची कांडी जुनी, वरची नवी. मावशी त्यांचे तुकडे फोडते, पीठ करते, ते आम्लात विरघळवते आणि मग त्यात कोणता धातू किती आहे ते मोजते. एवढा खटाटोप कशासाठी, तर समुद्रात प्राणवायू कधी आला ते कळावं म्हणून.

ही गोष्ट आमच्या घरात जेवताना इतक्यांदा झाली आहे, की मलाही पाठ आहे. फार जुन्या काळी समुद्राच्या खोल पाण्यात प्राणवायू जवळजवळ नव्हताच. कुठे पाण्यात नुसतं लोखंड विरघळलेलं, तर कुठे सडक्या अंड्याचा वास मारणारा गंधकाचा वायू. जिवाणूंची चैन होती, पण प्राणी म्हणावं असं कोणी नाही. मग पाण्यात थोडा प्राणवायू आला आणि तळावर मऊ, पसरट, पानासारखे जीव दिसायला लागले. त्यांना ना तोंड, ना पोट. पुढे प्राणवायू आणखी वाढला तेव्हा पळणं आलं, पाठलाग आला, तोंड आलं, आणि इतरांना तोंडं आल्यावर आपापल्या अंगावर कवच चढवणं भाग पडलं.

“म्हणजे आधी तोंड आणि मागून चिलखत,” काका म्हणायचे. “आमच्या लग्नातही हाच क्रम होता.”

काका म्हणजे मावशीचे यजमान. उभा जन्म त्यांनी ट्रक दुरुस्त केले. त्यांच्या गॅरेजात शिरलं की डिझेलचा वास, रेडिओ आणि काकांचा आवाज तिन्ही एकदम अंगावर यायचे. मावशीच्या विद्यापीठाशी त्यांचा संबंध फाटकापर्यंतच. संध्याकाळी फाटकाशी गाडी उभी करायची, हॉर्न मारायचा, की मावशी पिशव्या सांभाळत बाहेर. आत या म्हटलं तर उत्तर ठरलेलं: “तुमच्या त्या शिकलेल्या लोकांत मी काय बोलू? मला घाम फुटतो.” मावशी दर वर्षी कुठल्या ना कुठल्या परिषदेत भाषण द्यायची. काका तिची बॅग भरून द्यायचे, स्टेशनवर सोडायचे, पण भाषण एकही ऐकलेलं नव्हतं.

मग गुडघे बोलायला लागले, काकांनी गॅरेज विकलं आणि ते घरी बसले. बसले कसले! घरातल्या धडधाकट वस्तूंवर त्यांनी हल्ला चढवला. चांगला चालणारा मिक्सर उघडला, तो पुन्हा मिटेना. माझ्या कपाटाच्या बिजागऱ्या इतक्या सैल केल्या, की दार हातात यायचं. शेवटी मीच मावशीला म्हटलं, “ह्यांना सकाळी तुझ्याबरोबर घेऊन जा, नाहीतर मी तरी घर सोडते.”

पहिल्या दिवशी डबा पोचवायच्या निमित्ताने गेले, जिना उतरले, आणि परत आले ते संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी निमित्तही लागलं नाही. तळघरातल्या गळक्या नळाने, डुगडुगत्या टेबलाने आणि आचके देणाऱ्या पंख्याने काकांना दोन्ही हात पसरून बोलावलं. पोरं त्यांना काका म्हणायला लागली. मावशीचं तर विचारूच नका. साठीला टेकलेली बाई, पण सकाळी निघताना दोघांसाठी थर्मास भरताना गुणगुणायची. मी चिडवलं, की “थर्मास गळतोय बहुतेक” असलं काहीतरी पुटपुटायची.

तिच्या प्रयोगशाळेत एक पिठाची खोली आहे, तिथे दगड फोडतात आणि दळतात. त्या खोलीचा रिवाज कडक. मावशी जो धातू मोजते, तो दगडात चिमटीची चिमूट असतो. तुमच्या अंगठीचा कण जरी पडला, तरी हिशेब चुकला. म्हणून दाराशी खिळे मारलेत. अंगठी, घड्याळ, कानातलं, सगळं खिळ्याला अडकवायचं आणि कोपरापर्यंत हात धुऊन आत जायचं. हा नियम काकांनी जितका पाळला तितका विभागप्रमुखांनीही कधी पाळला नसेल. घड्याळ काढायचे, पाकीट काढायचे, आणि बक्कल लोखंडाचं म्हणून पट्टासुद्धा काढायचे. मग एका हाताने पँट धरून खोलीत उभे. पोरं हसून हसून लोळायची. काका म्हणायचे, “हसा. दगडाला काय माहीत मी कोणाचा नवरा आहे ते.”

त्या वर्षी मावशी तिच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट करत होती. एका लांब कांडीच्या वरच्या भागात त्या पानासारख्या जीवांचे ठसे सापडले होते. तिचं म्हणणं असं, की ठशांच्या जरा खाली, म्हणजे त्यांच्या जरा आधी, समुद्रात प्राणवायूने एकदम उसळी घेतली असणार. आधी दार उघडलं, मग पाहुणे आले. हे तपासायला ती मॉलिब्डेनम नावाचा धातू मोजत होती. हवेतला प्राणवायू जमिनीवरच्या खडकांना गंजवतो, तेव्हा हा धातू सुटतो, नदीतून समुद्रात येतो आणि कुजलेल्या काळ्या चिखलात जाऊन बसतो. चिखलात तो जास्त भरला, तर समुद्रात तो मुबलक होता, आणि त्याअर्थी प्राणवायूही होता.

तिला पाण्यात पाहणारा एकच माणूस होता, तिचाच जुना विद्यार्थी. आता तो दुसऱ्या शहरात मोठा प्राध्यापक झालाय. मावशी त्याला ‘चिरंजीव’ म्हणते, आणि त्या शब्दात आशीर्वाद शोधून सापडणार नाही. चिरंजीवांचं मत, की मोठी उसळी वगैरे काही नव्हती. प्राणवायू आला, गेला, पुन्हा थोडा आला, आणि पहिले प्राणी बिचारे थोडक्यात भागवत राहिले. मावशीला हे मत ऐकलं की जेवण जायचं नाही.

आणि खरंच उसळी सापडली! एक नाही, दोन. खालून वर दगड तपासत जावं तो आकडा निमूट, निमूट, आणि ठशांच्या जरा खाली एकदम टणकन वर. मग हळूहळू खाली. मग पुन्हा वर, आणि पुन्हा हळूहळू खाली. मावशीने तो आलेख छापून स्वयंपाकघरात फ्रिजवर लावला. पहिली उसळी आणि दुसरी उसळी असं ठळक लिहिलं. वर्षअखेर ती निवृत्त होणार होती. त्याआधी मोठ्या परिषदेत हे सांगायचं, चिरंजीव समोर बसलेले असताना सांगायचं, आणि मग खुशाल घरी बसायचं, असा बेत होता. येणाऱ्याजाणाऱ्याला फ्रिज दाखवला जायचा. दूधवाल्यालाही दाखवला.

परिषद पंधरवड्यावर आली असताना एका रविवारी दुपारी आम्ही तिघं जेवत होतो. मावशी खुशीत होती. म्हणाली, “अहो, ते दगड चावायचं यंत्र हल्ली किती शहाण्यासारखं चालतंय. पूर्वी केवढं किंचाळायचं!”

काकांनी घास खाली ठेवला. इतके दिवस पोटात ठेवलेलं कौतुक आता बाहेर काढायला मिळणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“आपोआप शहाणं झालं होय? मी केलं त्याला शहाणं. तू मशीनवर आकडे बघत बसली होतीस तेव्हा त्याचा सांधा उघडला आणि ग्रीस भरलं.”

“कुठलं ग्रीस?” मावशीने विचारलं.

“काळं. ट्रकच्या सांध्यांना लावतो ते, भारीतलं. स्वस्तातलं नाही लावलं, तुझं यंत्र आहे म्हणून. मध्ये पुन्हा कुरकुरायला लागलं, तेव्हा आणखी एकदा भरलं.”

“दोनदा?”

“दोनदा. पण हात साबणाने धुऊन हं. पट्टासुद्धा काढला होता.”

मावशी उठली. हात न धुता मागच्या खोलीत गेली, जिथे काकांची अवजारं असतात. मी तिच्या पाठोपाठ. फळीवर ग्रीसचा डबा होता. तिने तो खिडकीशी नेला, लांब धरला, जवळ धरला. चष्मा अर्थातच नव्हता. मग तिने डबा माझ्या हातात दिला. बारीक अक्षरांत जे लिहिलं होतं त्यातला एक शब्द मला ह्या घरात राहून पाठ झाला होता. मॉलिब्डेनम.

काळ्या ग्रीसला तो काळा रंग ज्या भुकटीने येतो, ती ह्याच धातूची. यंत्राच्या सांध्यातून ते ओघळून दगडात मिसळलं होतं. पहिल्यांदा ग्रीस भरलं तेव्हा आकडा उसळला, ग्रीस संपत गेलं तसा उतरला, पुन्हा भरलं तेव्हा पुन्हा उसळला. मावशीच्या समुद्राने साठ कोटी वर्षांपूर्वी जो श्वास घेतला, तो आमच्या मागच्या खोलीतल्या डब्यातून घेतला होता.

“तू तर मुलांना सांगतेस ना, की दगड पत्त्यांसारखे पिसून मग दळा म्हणून?” मी म्हटलं. पिसले असते, तर ग्रीसचा डाग इथे तिथे विखुरला असता आणि लगेच कळलं असतं.

“ह्या वेळी नाही पिसले,” ती म्हणाली. “खालून वर क्रमाने केलं. मला घडताना बघायचं होतं गं.”

मला एकदम तिची इतकी दया आली, की त्या भरात मी नको ते बोलून गेले. “पण मावशी, कळणार कोणाला? ग्रीसचं आपल्या तिघांना माहीत. आणि काकांना तर त्याचा अर्थही माहीत नाही.”

“मला कळलंय की,” ती म्हणाली. रागावली नाही, ओरडली नाही. त्यामुळे मला जास्तच लाज वाटली. मग तिने डबा फळीवर होता तसा ठेवला आणि म्हणाली, “ह्यांना काही बोलायचं नाही. एक अक्षर नाही. शप्पथ घे.”

“का? चूक त्यांची आहे. एरवी मीठ जास्त पडलं तरी बोलतेस.”

“शप्पथ घे म्हटलं ना.”

आम्ही टेबलाशी परत आलो. काका म्हणाले, “काय झालं गं?” मावशी म्हणाली, “काही नाही. डबा बघत होते. भारीतला आहे खरा.” काका फुलले. फ्रिजवरचा कागद संध्याकाळपर्यंत नाहीसा झाला होता, आणि तो कुठे गेला हे विचारायचं धाडस कोणी केलं नाही.

मग सुरू झाली दुसरी दळणं. प्रत्येक कांडीचा अर्धा भाग राखून ठेवलेला असतो, तो बाहेर निघाला. यंत्राला हात लावायचा नाही. दगड जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून हातोडीने फोडायचे आणि गारगोटीच्या खलात हाताने घोटायचे. दुकान सुटलं की मीही जायचे. माझे दंड भरून आले, मावशीच्या तळहातांना फोड आले. काकांना सांगितलं होतं, की यंत्राला विश्रांती दिली आहे. ते बाहेर स्टुलावर बसून आम्हाला चहा द्यायचे आणि म्हणायचे, “एवढं छान यंत्र करून दिलं, आणि ह्या बायका पाटा-वरवंटा घेऊन बसल्यात. शिक्षणाने माणूस असा होतो.” मला इतका राग यायचा, की शप्पथ गिळून बसणं जड जायचं. मावशी मात्र आतून हसून म्हणायची, “आणखी अर्धा कप द्या हो.” मला वाटलं, नवऱ्याच्या हातून नाक कापलं गेलं हे बाईला कबूल करवत नाहीये. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्याशीण स्वतःच गळा पुढे करतेय.

नवे आकडे आले. दोन्ही उसळ्या गायब. बरंच खाली एक बारीकसा उंचवटा तेवढा उरला होता. प्राणवायू दारात डोकावून, चपलाही न काढता परत गेला असावा तसा. आणि वर, ठशांच्या जागी, काही नाही. प्राणी होते, आणि प्राणवायू जेमतेम. म्हणजे चिरंजीवांचं खरं होतं. मावशीने आकड्यांवरून तीनतीनदा बोट फिरवलं आणि मग माझ्यासमोर सरळ रडली. नाक पुसून म्हणाली, “मेला हुशार होताच पहिल्यापासून.”

ह्या सगळ्यावर कडी म्हणजे काकांनी जाहीर केलं, की यंदा ते परिषदेला येणार. आपण चालवलेल्या यंत्राचं भाषण आहे, तर ऐकायला नको? नवा शर्ट शिवून आला. मावशीने सगळं करून पाहिलं. कंटाळा येईल म्हणाली, खुर्च्या लाकडी आहेत म्हणाली, गुडघ्यांची आठवण करून दिली. पालथ्या घड्यावर पाणी. काका पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी, पाठ ताठ करून बसले. आमच्या मागच्याच रांगेत चिरंजीव.

मावशी उभी राहिली. तिने आधी तोच आलेख दाखवला, दोन उसळ्यांचा. सभागृहात कुजबुज झाली. माणसं पुढे सरकून बसली. मग ती म्हणाली, “हा आलेख चुकीचा आहे.” आणि सगळं सांगितलं. दगड पिसले नाहीत, क्रमाने दळले, हा आपला दोष. यंत्राच्या सांध्यात काळं ग्रीस होतं, त्यात हाच धातू होता. तोवर काकांचे डोळे मिटायला लागले होते, पण ग्रीस शब्द कानावर पडला आणि ते खाडकन जागे झाले. मावशी समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, “ते ग्रीस मी भरलं होतं.”

मग तिने नवे आकडे दाखवले, आणि मागच्या रांगेकडे बघून म्हणाली, की ह्या कांडीपुरतं तरी माझ्या विद्यार्थ्याचं म्हणणं बरोबर निघालं. त्या पहिल्या जीवांनी मुबलक मिळायची वाट पाहिली नाही. होतं तेवढ्यात संसार मांडला. चिरंजीवांनी मान खाली घातली होती. जिंकलेला माणूस इतका अवघडलेला मी पहिल्यांदा पाहिला.

अध्यक्षांनी विचारलं, कोणाला काही प्रश्न? पहिला हात वर गेला तो माझ्या शेजारून. मी नव्या शर्टाची बाही ओढली, पण काका गुडघ्यावर हात टेकून उभे राहिले होते. कपाळावर घाम.

“प्रश्न नाही,” काका म्हणाले. “दुरुस्ती आहे. त्या खोटं बोलतायत. ग्रीस मी भरलं. त्यांना विचारलंसुद्धा नव्हतं. त्यांना ग्रीस कशाशी खातात ते माहीत नाही.”

सभागृहात हशा पिकला. “आपण कोण?” अध्यक्षांनी विचारलं.

“मी ह्यांचा नवरा. मेकॅनिक आहे.” आणि खाली बसताना, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, “हात धुतले होते.”

मावशी व्यासपीठावर लालबुंद झाली होती. पुढचे प्रश्न तिने कसेबसे उरकले. टाळ्या झाल्या, चिरंजीव वाकून नमस्कार करून गेले, चहा झाला.

परतीच्या वाटेवर गाडी काकाच चालवत होते, मावशी शेजारी, मी मागे. मग काका म्हणाले, “कधी कळलं होतं तुला?”

“त्या रविवारी.”

“आणि इतके दिवस मी स्टुलावर बसून यंत्राच्या बढाया मारत होतो. तू चहा घेत ऐकत होतीस.” त्यांचा आवाज चढला नव्हता, पण फाटला होता. “तुझं आयुष्यभराचं काम माझ्या हाताने बुडालं, आणि मला सांगावंसं वाटलं नाही? मी काय इतका परका?”

मावशी खिडकीबाहेर बघत राहिली. मला वाटलं, आता ती शास्त्र सांगेल किंवा चिडेल. तिला तिसरं काही येत नाही असा माझा समज होता.

“सांगितलं असतं, तर तुम्ही पुन्हा कधी माझ्या खोलीत पाऊल ठेवलं नसतंत,” ती म्हणाली. “फाटकाशी गाडी लावून हॉर्न मारत बसला असतात. दगड काय, मी परत दळले. तुम्हाला परत कुठून आणलं असतं?”

पुढच्या चौकात घरी जायला आम्हाला डावीकडे वळायचं होतं. ते सरळच विद्यापीठाच्या रस्त्याला लागले, आणि मावशीने त्यांना थांबवलं नाही.